जैतूनबींचा कागदावरचा मुलगा

पासपोर्टच्या अर्जात एक रकाना आहे. भारताचं नागरिकत्व तुम्हाला कशानं मिळालं, असं तो विचारतो आणि पुढं उत्तरंही तोच देतो: जन्मानं, वंशानं किंवा नोंदणीनं. यातलं एक निवडायचं. मी चौतीस वर्षं लोकांचे अर्ज भरले आणि त्यातली बरीच वर्षं या रकान्याकडे नीट न बघताच ‘जन्मानं’वर खूण करत आले. आपण कोल्हापूरची माणसं. जन्मलो इथं, मरणारही इथं. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं.

या अंकाच्या संपादकांनी ‘बाई, धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. गमती खूप आहेत. पण लिहायला बसले आणि पहिल्यांदा हा रकानाच डोळ्यांपुढं आला, आणि डोकं तापलं. तेव्हा गमती कमी आणि संताप जास्त, असं हे होणार. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी मूळची टायपिंगबाई. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तीन मराठी आणि दोन इंग्रजी मशिनं होती. सकाळी परीक्षेची मुलंमुली यायची आणि दुपारी मी एक मशीन उचलून कचेरीच्या फाटकासमोर टेबल टाकायची. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, दाखल्यांचे अर्ज, आणि पुढं पुढं पासपोर्ट. मशीन गेलं, कॉम्प्युटर आला. टेबल गेलं, टपरी आली. नाव मात्र टायपिंगबाईच राहिलं. माझं खरं नाव विमल आहे, हे माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणालाच माहीत नसावं.

आमच्या कामात हुशारी लागत नाही, चिकाटी लागते. माणूस बोलतो एक आणि त्याचे कागद बोलतात दुसरंच. शाळेच्या दाखल्यावर ‘पांडुरंग’, आधारवर ‘पांडूरंग’, सातबाऱ्यावर ‘पांडबा’. तिघं मिळून एक माणूस आहे, हे कागदानं सिद्ध करायचं, एवढाच आमचा धंदा. माणसानं सिद्ध करून चालत नाही. माणूस समोर उभा असतो आणि साहेब कागदाकडे बघून विचारतो, ‘हे कोण?’

नागरिकत्वाची भानगड मला पहिल्यांदा कळली ती लाकडाच्या वखारीवाल्या एका पटेलकाकांमुळे. जन्म नैरोबीचा. तिथं इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा त्यांना इंग्रजांचा पासपोर्ट मिळाला होता. तो त्यांनी माझ्यासमोर ठेवला. आत लिहिलं होतं की हे गृहस्थ ब्रिटनच्या संरक्षणाखालचे आहेत. मी विचारलं, ‘मग तुम्ही ब्रिटनला का नाही गेलात?’ काका म्हणाले, ‘या पासपोर्टवर ब्रिटनमधी राहायला देत नाहीत.’

‘मग संरक्षण कशापासून?’

काकांनी चष्मा पुसला. ‘माझ्यापासून ब्रिटनला असेल, बेन.’

आम्ही दोघंही खूप हसलो. तेव्हा हसू येत होतं. काका पैशानं, कुटुंबानं सगळ्या बाजूंनी भरलेले होते. असल्या घोळात गरीब बाई सापडली की काय होतं, हे मला जैतूनबींनी दाखवलं.

त्याआधी गोव्याचा गोंधळ दोन ओळींत सांगायला हवा, म्हणजे वाचकांना पुढचं कळेल. एकसष्टच्या डिसेंबरात गोव्यातून पोर्तुगीज गेले. आपल्या सरकारनं सांगितलं, इथं जन्मलेली माणसं आता भारतीय. बरोबरच आहे. तिकडं पोर्तुगालचा कायदा म्हणतो की त्याआधी इथं जन्मलेली माणसं आमचीसुद्धा. त्यांनी, त्यांच्या मुलांनी, नातवंडांनी आमच्याकडे जन्माची नोंद करावी आणि आमचा पासपोर्ट घ्यावा. म्हणजे त्याच माणसांना दोघंही आपली म्हणतात. कौतुक करून घ्यायचं असलं की दोघांची, आणि काही काम पडलं की दोघंही म्हणतात, ‘ही आमची नव्हे, त्यांची.’ आणि मी वर सांगितलेल्या रकान्यात या माणसांसाठी जागाच नाही. जन्मले तेव्हा तो भारत नव्हता. वंशाचं म्हणावं तर आईबापही तिथलेच. नोंदणी तर त्यांनी कधी केलीच नाही. ती आपल्या घरात बसली होती आणि राज्य बदललं. लाखो माणसांसाठी एक जास्तीचा चौकोन छापायला कुणाला सुचलं नाही.

पोर्तुगालचा तो पासपोर्ट घेतला की युरोपात कुठंही काम करता येतं. त्यामुळे मधल्या काळात कागलच्या एमआयडीसीतली पोरं माझ्याकडे यायची, ‘बाई, आमचा आजा पोर्तुगीज हुता.’ मी विचारायची, ‘काय करायचा तुझा आजा?’ ‘म्हशी राखायचा, डिचोलीला.’ मी त्यांना गोव्याचा रस्ता दाखवायची. तिथं या कामाचे दलाल गल्लोगल्ली बसले होते.

जैतूनबी नदाफ आल्या त्या धाकट्या बहिणीबरोबर. बिद्रीच्या कारखान्याच्या अलीकडच्या एका खेड्यात जैतूनबींचं घर. नवरा गाद्या भरायचा, तो वारून बरीच वर्षं झाली होती. त्या सत्तरीच्या; उंच, ताठ, गुडघ्यानं जराशा लंगडणाऱ्या. धाकटी रुकसाना कोल्हापुरात बागवानांच्या घरी दिलेली, गोलमटोल, बोलकी. दोघींचा जन्म गोव्यातल्या वाळपईचा, एकाच घरातला, एकाच सुईणीच्या हातचा. मध्ये फक्त राज्य बदललेलं. थोरली पोर्तुगीजांच्या अमलात जन्मली, धाकटी आपल्या.

‘बाई, हजला जायाचं हाय आमास्नी,’ रुकसाना म्हणाली. ‘आपा न् मी, आन् शेजारच्या दोघी. अर्ज भराया आधी पासपोर्ट लागतोय.’

दोघींचे अर्ज मी एकाच दुपारी भरले. दोघींच्याही ‘जन्मानं’वर खूण केली. रुकसानाचा पासपोर्ट पंधरवड्यात घरपोच आला. जैतूनबींचा आला नाही. महिना गेला, दुसरा गेला. मग एक पत्र आलं: खुलासा करण्यासाठी समक्ष हजर राहावे.

मी त्यांच्याबरोबर पासपोर्टच्या कचेरीत गेले. आमच्यासारख्यांना आत सोडत नाहीत, म्हणून शेजारीण आहे असं सांगितलं. टेबलामागं एक तरुण साहेब होते. उद्धट मुळीच नव्हते, हे सांगितलं पाहिजे. आवाजही चढवला नाही. फाईल उघडून त्यांनी विचारलं, ‘आजी, तुम्ही परदेशाचं नागरिकत्व घेतलंय, हे का लपवलंत?’

जैतूनबींनी माझ्याकडे बघितलं. ‘काय म्हणत्यात वं?’

‘पोर्तुगालमध्ये तुमच्या जन्माची नोंद झालीय. अकरा वर्षं झाली. अर्जावर तुमची सही आहे. त्या नोंदीच्या आधारावर तुमच्या मुलानं तिथला पासपोर्ट घेतला. असलम नाव. सध्या इंग्लंडात असतो. आणि इथं चौकशीला आमचा माणूस आला तेव्हा तुम्ही सांगितलंत, मूलबाळ नाही.’

गोव्यात कुठल्याशा दलालाकडे धाड पडली होती आणि त्याच्याकडं सापडलेल्या यादीत हे नाव होतं, असं मागाहून कळलं. त्या क्षणी आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मी जैतूनबींकडे बघत होते. त्या साहेबांकडे बघत होत्या.

मग म्हणाल्या, ‘साहेब, मला एक पोरगा झालता. पाच दिस जगला. नाव ठिवायच्या आधीच गेला. त्यो आसंल तर सांगा.’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. पण फाईल बंद केली नाही. म्हणाले, ‘तसं असेल तर मूल नसल्याचा दाखला आणा.’

इथं माझा तोल सुटला. मी म्हणाले, ‘असा दाखला कोण देतं, साहेब? माझ्या चौतीस वर्षांत मी असला कागद टाईप केलेला नाही. जन्माचा दाखला असतो, मरणाचा असतो. न झालेल्याचा कुठला?’

‘तलाठ्यांचा पंचनामा चालेल. गावातले पाच ज्येष्ठ पंच. डॉक्टरांचं काही असेल तर तेही जोडा.’ मग हळू आवाजात, ‘मलाही वर उत्तर द्यावं लागतं, बाई.’

हेच तर आहे. या सगळ्या प्रकरणात मला एकही दुष्ट माणूस भेटला नाही. प्रत्येकाला कुणाला तरी वर उत्तर द्यायचं होतं.

पंचनाम्याच्या दिवशी मी गावात होते. चावडीत सतरंजीवर पाच म्हातारे बसले, खुर्चीवर तलाठी, आणि दाराजवळ भिंतीला टेकून जैतूनबी. हीच बाई पाच वर्षं ग्रामपंचायतीची सदस्य होती. याच गावातल्या नळयोजनेच्या ठरावावर सूचक म्हणून तिची सही आहे. तिनं मांडलेल्या नळाचं पाणी पिऊन ते पाच जण तिला मूल आहे की नाही यावर साक्ष द्यायला आले होते. सगळे भले लोक. त्यातला एक तर तिच्या नवऱ्याचा जिवलग. तोच मोठ्यानं म्हणाला, ‘लिवा की, तलाठीसाहेब. हिला पोर न्हाय. तीनदा दिस गेलं, एकबी हाताला लागलं न्हाय. समद्या गावाला ठावं हाय.’ त्याला वाटत होतं, आपण मदतच करतोय.

तलाठ्यानं वाचून दाखवलं, ‘सदर महिला निपुत्रिक असून…’

जैतूनबींनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. अंगठा नको, सही करते, म्हणाल्या. सही करायला त्यांना वेळ लागतो. पंचायतीत निवडून आल्यावर, पन्नाशी उलटताना, त्या सही शिकल्या होत्या. मराठीत, एकेक अक्षर सुटं, ‘तू’च्या उकारापाशी थांबून.

ती सही बघितली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. परदेशातल्या त्या अर्जावरची सही साहेबांनी आम्हाला दाखवली होती. ती इंग्रजीत होती, घोटीव, झोकदार. मी त्याच दिवशी ग्रामसेवकाकडून सभांच्या नोंदवहीतल्या त्यांच्या सह्यांच्या प्रती घेतल्या. शिक्का मारून चौदा पानं. माझ्या धंद्यातलं एखादं काम अभिमानानं सांगावं असं असेल, तर ती चौदा पानं.

एक गोष्ट मात्र अभिमानाची नाही, तीही सांगते. फाईलमध्ये जैतूनबींच्या लग्नाच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर होतं. दहाबारा वर्षांपूर्वी गोव्याकडचा एक गोड बोलणारा गृहस्थ माझ्याकडे यायचा. लग्नाचे दाखले, शाळेचे दाखले, असे गठ्ठ्यानं आणायचा आणि इंग्रजीत टाईप करून घ्यायचा. मी कधी विचारलं नाही, हे कुणाचे आणि कशाला. गोव्यात जन्मून बाहेर लग्न झालेल्या बायका तो शोधत असणार, हे मला आत्ता कळतं. त्यांना पोरंबाळं आहेत की नाहीत हे गोव्यात कुणाला माहीत नसतं. फाईलमधलं ते पान मी टाईप केलं होतं का? मला आठवत नाही. आठवत नाही हेच वाईट आहे. मी त्याला एवढंच विचारलं असतं, ‘ह्या बायकांना माहीत आहे का?’ तर कदाचित तो दुसऱ्या टेबलावर गेला असता. कदाचित घाबरलाही असता.

सह्या बघून साहेबांनी मान हलवली. ‘फसवणूक दिसतेय. पण नुसतं मला पटून चालणार नाही. आजींनी फिर्याद द्यायला हवी. दलालावर आणि त्या असलमवर. सोबत प्रतिज्ञापत्र जोडा: हा माझा मुलगा नव्हे. मग फाईल हलेल.’

तोपर्यंत हजच्या अर्जाची मुदत संपली होती. शेजारच्या दोघी गेल्या. रुकसाना गेली नाही. तिचा पासपोर्ट कपाटात तसाच पडून राहिला. मी तिला म्हणाले, ‘तू तरी जायचंस.’ ती म्हणाली, ‘आपानं मला कडेवर घेऊन वाळपईचा बाजार दावलाय. तिला टाकून मी कुठं जाऊ?’

प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी तयार केला. त्याच आठवड्यात असलमचा फोन आला. सरकारला जो माणूस सापडला नव्हता, तो रुकसानाच्या नवऱ्याच्या भाच्यानं वाळपईत चार ठिकाणी चौकशी करून आठ दिवसांत शोधला. भाच्यानं निरोप पोचवला आणि एका दुपारी माझ्या टपरीत बसलो असताना रुकसानाच्या मोबाईलवर त्याचा चेहरा आला. चाळिशीचा, डोक्याला टक्कल पडत आलेलं, अंगात कुठल्याशा गोदामाचं पिवळं जाकीट.

रुकसानानं मोबाईल बहिणीच्या हातात दिला.

‘सलाम, अम्मा,’ तो म्हणाला.

जैतूनबींनी सलामाला उत्तर दिलं. मग म्हणाल्या, ‘अम्मा म्हणू नगंस.’

तो बोलत सुटला. चंदगड तालुक्यातला, गोव्याच्या हद्दीजवळच्या गावचा. डोंगर उतरला की गोवा. त्याची आई पलीकडं जन्मली असती तर सगळं कायदेशीर झालं असतं. ती अलीकडं जन्मली. दलालानं सांगितलं, एका बाईचे कागद आहेत, ती वारली आहे, मागं कुणी नाही, कुणाचं काही बिघडत नाही.

‘मी मेली हाय म्हणून सांगितलं?’

‘व्हय. देवाशपथ, मला ठावं आसतं तर…’ तो रडायला लागला. ‘माजी दोन पोरं हैत हितं. शाळंत जात्यात. तुमी सही केली तर माजं समदं जातंय. अकरा वर्सं झाली, जिथं कागद भरंल तिथं आईच्या जागी तुमचं नाव लिवतोय. पोरांच्या कागदावरबी आजीचं नाव तुमचंच हाय.’

टपरीत झेरॉक्सचं मशीन तेवढं चालू होतं, तेही मी बंद केलं. मी माझ्या मनातलं खरं सांगते. मला वाटलं, ही आता सही करणार नाही. सत्तर वर्षांच्या निपुत्रिक बाईला एक माणूस रडत रडत सांगतोय, की तुला दोन नातवंडं आहेत.

त्यांनी विचारलं, ‘पोरांची नावं काय?’

त्यानं सांगितली.

‘आन् तुजी आई?’

‘हाय की. गावाकडं. जिती हाय.’

जैतूनबींचा चेहरा बदलला. ‘जिती हाय?’

‘व्हय.’

‘जिती हाय, आन् तिचं नाव काढून माजं घातलंस? जिनं नऊ म्हैने वागीवलं, तिला कागदावरनं पुसलंस? मला पोरगं न्हवतं, मला कुणी पुसलं तर मी समजून घीन. तिला तर हुतं की रं.’

त्यानं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. त्यांनी मोबाईल रुकसानाकडं दिला आणि मला म्हणाल्या, ‘कुठं सही करायची, दावा. माज्या पासपोर्टासाठी करत न्हाय. त्या बाईसाठी करते.’

मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. नेहमीसारखा वेळ घेऊन.

पासपोर्ट यायला त्यानंतर सात महिने लागले. फिर्याद, जबाब, पुन्हा जबाब, गोव्यातून कागद, कुठून कुठून शेरे. एकदा तर त्यांना ‘पोर्तुगालचं नागरिकत्व आपण सोडत आहात काय’ असं विचारणारा कागद आला. मी तो टेबलावर आपटला. जी गोष्ट बाईनं कधी घेतलीच नाही, ती तिनं सोडायची कशी? एकसष्टला ही सात वर्षांची पोर अंगणात खेळत होती आणि तिच्या डोक्यावरून मुलूख एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे गेला. घरं, देवळं, मशिदी, बंदर, खाणी, सगळं गेलं या हातातून त्या हातात. पोरीला कुणी विचारलं नाही, आणि सत्तराव्या वर्षी तिलाच विचारतात, सांग, तू कुणाची. तेव्हा सह्या करणारे मोठे लोक कधीच मरून गेले. त्यांच्यातल्या कुणाला चावडीत बसून आपण निपुत्रिक असल्याचं ऐकावं लागलं का? राज्यांची देवाणघेवाण करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: आधी माणसं मोजा, मग जमीन. पण टायपिंगबाईचं कोण ऐकतं.

अखेर पासपोर्ट आला. राष्ट्रीयत्व: भारतीय. जन्मस्थान: वाळपई, गोवा. जैतूनबींना मी वाचून दाखवलं. त्यांनी फोटोकडं बघून ‘लई म्हातारी दिसतीया’ एवढंच म्हटलं. पुढच्या हजसाठी दोघी बहिणींचे अर्ज मी भरले, आणि सोडतीत दोघींचं नाव निघालं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती बाई आली.

जैतूनबी आणि रुकसाना माझ्याकडेच बसल्या होत्या; हजला जाण्याआधी घ्यायच्या लशीच्या कागदांचं काम चाललं होतं. बारीक अंगाची, हिरव्या काठाचं लुगडं नेसलेली एक म्हातारी टपरीपुढं उभी राहिली. एसटीनं आली होती, पायांवर धूळ. तिनं विचारलं, ‘जैतून नदाफ कोण हाय?’

‘मी. काय वं?’

‘मी शरीफा. असलमची आई.’

रुकसानानं पटकन खुर्ची सरकवली. शरीफा बसली नाही.

‘तुमी माज्यासाठी सही केली म्हणं,’ ती म्हणाली. ‘माजं नाव पुसलं म्हणून. त्येनं सांगितलं मला. मी तुमास्नी सांगितलं हुतं काय? माजं नाव कागदावर न्हवतं तर न्हवतं. त्येचं पोट भरत हुतं की. दर आयतवारी फोन करून अम्माच म्हणायचा मला. आता त्येचा पासपोर्ट काढून घेतलाय. काम गेलं. हितला पासपोर्ट त्येनं तवाच देऊन टाकलाय. तिथं ऱ्हाता येईना, हितं येता येईना. कुटल्याच देशाचा न्हाय म्हणत्यात त्यो. माजं नाव घेऊन मी काय करू?’

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. कायद्यानं आमची बाजू बरोबर होती. मी चौदा पानं जोडली होती. पण या बाईचं म्हणणं मला कुठल्याच कागदानं खोडता येत नव्हतं. दोन म्हाताऱ्या माझ्या टपरीत एकमेकींसमोर उभ्या होत्या. एकीला मूल नव्हतं, दुसरीचं हरवलं होतं, आणि ज्यांनी हे घडवलं त्यातलं कुणी तिथं हजर नव्हतं. दलाल जामिनावर सुटला होता. साहेबांची बदली झाली होती. ज्यांनी मुलूख सोडला आणि घेतला, त्यांचे पुतळे झाले होते.

जैतूनबी उठल्या. गुडघा धरून, हळूच. मला वाटलं, काही बोलतील, स्वतःची बाजू सांगतील. त्यांनी शरीफाचा हात धरला. ती हात सोडवून घेत होती, तरी त्यांनी सोडला नाही.

‘मला वाटलं तसं केलं,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं बी खरं हाय. मला ते सुचलं न्हाय. मला पोर न्हाय म्हणून सुचलं नसंल.’

शरीफा रडायला लागली. रुकसानानं तिला खुर्चीवर बसवलं. मी समोरच्या गाड्यावरून चहा मागवला. चहा झाल्यावर शरीफानं तोंड पुसलं आणि विचारलं, ‘हजला कवा जानार?’

‘ह्याच साली. जगले तर.’

‘माज्या पोराचं नाव घ्या तिथं.’

‘घेते की. म्हणून तर इचारणार हुते.’ जैतूनबी माझ्याकडं वळल्या. ‘बाई, एका चिठ्ठीवर लिवून द्या. मी इसरीन तिथं, गर्दीत. नीट लिवा. असलम, आईचं नाव शरीफा.’

मी कोरा कागद घेतला. कॉम्प्युटर चालू होता, तरी हातानं लिहिलं, मोठ्या अक्षरात, मराठीत, त्यांना वाचता यावं म्हणून. जैतूनबींनी अक्षरं लावून वाचलं आणि चिठ्ठी शरीफाकडं दिली.

शरीफाला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटा धरला होता, तो मी सरळ करून दिला. तिनं कितीतरी वेळ त्याकडं बघितलं आणि मग विचारलं, ‘ह्यात माजं नाव कंचं?’

मी बोट ठेवून दाखवलं.